आजारी कोंबडीस औषध पोंचतें काय?

पाण्याच्या टाकींत औषध ओतलें म्हणजे तें कोंबडीच्या अंगीं लागलें, असें समजण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. सकाळीं शेडांत चार पक्षी मेलेले दिसले, दहा-पांच मान टाकून बसलेले दिसले, कीं मालक मोटारसायकल काढून तालुक्याच्या दुकानीं जातो. दुकानदार 'पक्षी किती?' एवढेंच विचारतो व एक बाटली पुढें करतो. संध्याकाळीं ती बाटली टाकींत रिकामी होते. दुसऱ्या दिवशीं मरतूक थांबली तर बाटली गुणकारी. न थांबली तर तिच्याहून महाग बाटली. या व्यवहारांत पक्ष्याचें वजन कोणी विचारीत नाहीं, पाणी कोठलें हें कोणी विचारीत नाहीं, आणि जी कोंबडी खरोखर आजारी आहे ती पाणी पीत आहे कीं नाहीं हें तर कोणीच पाहत नाहीं. आमच्या मतें बहुतेक नुकसान याच न विचारलेल्या प्रश्नांत आहे, व म्हणून त्यांविषयीं कांहींसें विस्तारानें लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

औषधाविरुद्ध ओरड करणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. जंतुजन्य रोगांत योग्य वेळीं दिलेलें अँटिबायोटिक औषध, ज्यास पुस्तकी मराठींत प्रतिजैविक म्हणतात, अख्खें शेड वांचवितें हें आम्हीं स्वतः अनुभविलें आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, बाटलींतून टाकींत व टाकींतून चोंचींत येईपर्यंत औषधाचा अर्धाच प्रवास झालेला असतो. चोंचींतून आंतड्यांत, आंतड्यांतून रक्तांत, आणि रक्तांतून जेथें जंतू ठाण मांडून बसले आहेत त्या फुप्फुसांत किंवा यकृतांत, हा पुढचा अर्धा प्रवास डोळ्यांस दिसत नाहीं. धडधाकट पक्ष्यांत तो एका रीतीनें होतो आणि आजारी पक्ष्यांत निराळ्या रीतीनें. औषध किती शोषलें जातें याचे पुष्कळसे आंकडे निरोगी पक्ष्यांवर मोजलेले असतात. आपण मात्र तें औषध आजारी पक्ष्यांस पाजतों.

कोंबडीस दांत नाहींत. तिनें टिपलेला दाणा व प्यालेलें पाणी प्रथम गळ्याखालच्या पिशवींत उतरतें. तेथून आम्ल स्रवणाऱ्या लहानशा जठरांत, मग मटणाच्या दुकानीं ज्यास पेटा म्हणतात त्या दळणाऱ्या अवयवांत, आणि नंतर लहान आंतड्यांत जातें. औषधाचें शोषण मुख्यतः या लहान आंतड्यांत होतें. येथपर्यंत पोंचेतों औषधास वाटेंत दोन ठिकाणीं जकात द्यावी लागते. पहिली जठराच्या आम्लाची. साधें पेनिसिलिन या आम्लांत बऱ्याच अंशीं नासतें. अमॉक्सिसिलिन टिकतें, म्हणून तें तोंडावाटे देतां येतें. दुसरी जकात कॅल्शियमची, आणि ती आपल्या भागांत विशेष जड आहे.

टेट्रासायक्लिन वर्गाच्या औषधांचा असा स्वभाव आहे कीं, कॅल्शियम, मॅग्नेशियम किंवा लोह भेटलें कीं तीं त्यांस मिठी मारतात. अशी जोडी आंतड्याच्या अस्तरांतून आंत शिरूं शकत नाहीं. ती विष्ठेवाटे तुसावर पडते. ऑक्सिटेट्रासायक्लिन व क्लोरटेट्रासायक्लिन यांस ही खोड फार; डॉक्सिसायक्लिनला कमी, व तें शोषलेंही अधिक जातें. अंडीं देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यांत शेंकडा साडेतीन ते चार भाग कॅल्शियम असतें, कारण कवच त्याचेंच होतें. अशा खाद्याच्या सोबतीनें दिलेलें टेट्रासायक्लिन किती आंत जाईल याचा वाचकांनींच विचार करावा. शिवाय दख्खनच्या काळ्या पाषाणांतून झिरपणारें विहिरीचें व बोअरचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. ज्या पाण्यानें चहाच्या भांड्यास आंतून पांढरा थर बसतो, साबणास फेस येत नाहीं व डाळ शिजावयास वेळ लागतो, तें पाणी औषधासही तितकेंच वैरी आहे असें खुशाल समजावें.

याबाबतींत आमची स्वतःची चूक सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं थंडीच्या दिवसांत आमच्या शेडांत सुमारें चार आठवड्यांचे ब्रॉयलर पक्षी होते. रात्रीं गारठा म्हणून आम्हीं पडदे गच्च बांधले. सकाळीं आंत शिरतांच तुसांतून उठणाऱ्या अमोनियाच्या वासानें डोळे चुरचुरत. परंतु डोळे आपले चुरचुरतात तसे कोंबडीचेही चुरचुरत असतील हें मनांत आलें नाहीं. पक्षी घुरघुरूं लागले, कांहीं मरूं लागले. आम्हीं टेट्रासायक्लिनची पावडर आणली. आणि पक्ष्यांस शक्ति यावी म्हणून कॅल्शियमचें टॉनिकही त्याच टाकींत ओतलें. पांच दिवस हें असें चाललें. सहाव्या दिवशीं मरतूक पहिल्यापेक्षां अधिक. मग मेलेले पक्षी घेऊन पशुवैद्याकडे गेलों. त्यांनीं आमच्यासमक्ष पक्षी फाडून दाखविला. हृदयावर व यकृतावर पांढुरकी साय धरल्यासारखें आवरण होतें, आणि हवेच्या पिशव्यांत पिंवळट, पनीरासारखा गोळा सांठला होता. टाकींत काय काय घातलें हें ऐकल्यावर त्यांनीं सांगितलें कीं औषध टाकींतच बांधलें गेलें, तें कोंबडीपर्यंत नीटसें गेलेंच नाहीं. आणि आतां गेलें तरी त्या गोळ्याच्या आंत शिरणार नाहीं. औषधाचे पैसे गेले ते गेलेच. परंतु पहिल्या तीन दिवसांत जे पक्षी वांचूं शकले असते तेही गेले, ही रुखरुख आम्हांस अजून आहे.

हा गोळ्याचा प्रकार काय आहे तें नीट समजून घेण्याजोगें आहे. कोंबडीच्या फुप्फुसांस जोडून शरीरभर पातळ पडद्यांच्या हवेच्या पिशव्या असतात. त्या बहुधा नऊ. श्वासाबरोबर ई. कोलाय जातीचे जंतू प्रथम तेथें उतरतात, विशेषतः अमोनियानें किंवा राणीखेत, ब्राँकायटिस यांसारख्या विषाणूंनीं श्वासनळीचें अस्तर आधींच खरवडलें असेल तर. आतां औषध कोठेंही जातें तें रक्ताच्या वाटेनें. आणि या पिशव्यांचे पडदे रक्तानें अतिशय दरिद्री आहेत. निरोगी स्थितींतच तेथें औषध बेताचें पोंचतें. रोगाच्या आरंभीं सूज येते, बारीक रक्तवाहिन्या सैल होऊन पाझरूं लागतात, आणि त्या पाझराबरोबर औषधही रोगाच्या जागीं येतें. म्हणजे रोगच त्या वेळीं औषधास वाट मोकळी करून देतो. परंतु ही वाट थोडेच दिवस उघडी असते. पुढें पू व साय घट्ट होऊन त्याचा गोळा बनला, कीं त्यांत रक्तवाहिनी नाहीं आणि म्हणून औषधही नाहीं. त्याच्या आंत जंतू सुखानें राहतात. तात्पर्य, पहिल्या दिवशींचें औषध व सहाव्या दिवशींचें औषध, बाटली एकच असली तरी, एक औषध नव्हे.

सर्व औषधें शरीरांत सारखीं पसरतात असेंही नाहीं. टायलोसिन, टिल्मिकोसिन या जातीचीं औषधें रक्तापेक्षां फुप्फुसाच्या पेशींत अधिक सांठतात, म्हणून मायकोप्लाझ्माच्या जुनाट सर्दीखोकल्यांत त्यांचा उपयोग होतो. एन्रोफ्लोक्सासिन चांगलें शोषलें जाऊन यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस सर्वत्र पोंचतें. टेट्रासायक्लिनें हाडांत जाऊन बसतात. याच्या उलट निओमायसिन, जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन हीं तोंडावाटे दिलीं असतां आंतड्याबाहेर जवळजवळ पडतच नाहींत. आंतड्यांतल्या जंतूंवर तीं चालतील. परंतु रक्तांत भिनलेल्या रोगावर तीं पाण्यांतून देणें म्हणजे हल्याला दुखणें आणि पखालीला औषध, त्यांतला प्रकार. हींच औषधें टोंचून दिलीं तर रक्तांत जातात. पण दोन हजार पक्ष्यांस टोंचीत कोण बसणार? टोंचावयाचेंच झालें तर छातीच्या मांसांत टोंचावें, मांडींत नव्हे. पक्ष्याच्या मागील पायांकडून परतणारें रक्त हृदयाकडे जातांना कांहीं अंशीं मूत्रपिंडांतून फिरून जाऊं शकतें, व त्या वाटेनें औषध कामास लागण्याआधींच बाहेर पडण्याचा संभव असतो.

औषध पोंचलें तरी तें त्या जंतूवर चालणारें असलें पाहिजे. मायकोप्लाझ्माच्या अंगावर इतर जंतूंसारखी भिंत नसते, आणि पेनिसिलिन व अमॉक्सिसिलिन यांचें सारें सामर्थ्य ती भिंत उभारूं न देण्यांत आहे. जेथें भिंतच नाहीं तेथें हल्ला कोणावर करणार? राणीखेत, ज्यास खेड्यांत मानमोडी म्हणतात, ती तर विषाणूची; तिच्यावर कोणतेंही अँटिबायोटिक चालत नाहीं. २००६ सालीं नवापुरास बर्ड फ्लू आला तोही विषाणूचाच. विषाणूमागून जंतू शिरतात त्यांच्यासाठीं औषध कधीं द्यावें लागतें हें खरें. परंतु तें कोणासाठीं देत आहों हें देणाऱ्यास ठाऊक तरी असावें.

आतां आजारी पक्ष्याकडे वळूं. रोगानें ग्रासलेला पक्षी प्रथम खाणें सोडतो, पाणी मागाहून. म्हणूनच खाद्यांतून औषध देण्यापेक्षां पाण्यांतून देणें बरें, हें तत्त्व योग्यच आहे. परंतु पाणीही तो पूर्वींइतकें पीत नाहीं. आणि अगदीं अशक्त झालेला पक्षी भिंतीकडे तोंड करून पंख पाडून उभा राहतो, पाण्याच्या भांड्यापर्यंत येतच नाहीं. धडधाकट पक्षी त्याला रेटून पोटभर पितात. म्हणजे ज्यास औषध नको त्यास पुरेपूर, आणि ज्यास हवें त्यास चतकोर!

हिशेब करून पाहूं. समजा, शेडांत २,००० पक्षी आहेत, सरासरी वजन दीड किलो. म्हणजे एकूण ३,००० किलो. औषधाची मात्रा, केवळ उदाहरणादाखल, किलोमागें दिवसास १० मिलिग्रॅम धरली, तर दिवसास ३० ग्रॅम शुद्ध औषध पोटांत गेलें पाहिजे. निरोगीपणीं हे पक्षी दिवसास ५०० लिटर पाणी पीत असतील, तर लिटरमागें ६० मिलिग्रॅम घातलें कीं हिशेब बरोबर जुळतो. आतां रोग आला व पाणी ३०० लिटरवर आलें. लिटरचा दर तोच ठेवला, तर पोटांत १८ ग्रॅमच जातात. किलोमागें १० च्या जागीं ६ मिलिग्रॅम. ही सरासरी झाली. जो पक्षी पूर्वीच्या चौथाईच पाणी पितो त्याला अडीच मिलिग्रॅम मिळतें. उलट वैशाखांत उन्हाच्या तलखीनें हेच पक्षी ८०० लिटर प्याले, तर किलोमागें १६ मिलिग्रॅम जातात, आणि त्यांतून नवाच त्रास उद्भवतो. 'लिटरमागें अमुक' हा दुकानचा हिशेब आहे. शेडचा हिशेब वजनावर व त्या दिवशीं प्रत्यक्ष किती पाणी गेलें यावर झाला पाहिजे. काल पक्षी किती पाणी प्याले, हा प्रश्न आम्हीं ओळखीच्या कितीतरी कुक्कुटपालकांस विचारला. खाद्याच्या पोत्यांचा आंकडा सर्वांस तोंडपाठ. पाण्याचा एकासही सांगतां आला नाहीं.

आंतडीं निरोगी राहत नाहींत ही त्यापुढची अडचण. रक्ती हगवणींत कॉक्सिडिया जातीचे सूक्ष्म परोपजीवी आंतड्याचें अस्तर फोडून बाहेर पडतात. तेथील केसाळ मखमल झिजते, शोषणाची जागा घटते, आणि हगवणीमुळें पोटांतील माल घाईनें पुढें सरकतो. त्यामुळें एखादें औषध कमी शोषलें जातें. परंतु जें औषध एरवीं अस्तराबाहेर अडून राहतें तें फाटक्या अस्तरांतून जास्तही जाऊं शकतें. रोगांत औषध नेहमीं कमीच पडतें असा सरसकट नियम बांधून मात्रा दुप्पट करणारे लोक आहेत. त्यांस आमचें सांगणें आहे कीं, रोग औषधाची मात्रा एकाच दिशेनें हलवीत नाहीं. रक्तांत गेलेलें औषध कांहीं अंशीं रक्तांतील प्रथिनांस चिकटून फिरतें व कांहीं मोकळें असतें, आणि काम करतें तें मोकळें. बुरसटलेल्या मक्यांतील अफ्लाटॉक्सिन विषानें यकृत बिघडलें, किंवा अंगांत तीव्र दाह झाला, कीं हीं प्रथिनें घटतात; मग मोकळ्या औषधाचें प्रमाण बदलतें. यकृत थकलें तर जें औषध तें मोडून टाकीत असे तें अंगांत रेंगाळतें. मूत्रपिंडें सुजलीं तर बाहेर पडावयाचें औषध आंतच तुंबतें. एकाच शेडांत एका पक्ष्याला औषध अपुरें आणि दुसऱ्याला अतिरिक्त, असें एकाच दिवशीं घडूं शकतें.

रात्रीचीही एक गोष्ट आहे. अंधारांत कोंबडी पाणी पीत नाहीं. एन्रोफ्लोक्सासिनसारखीं औषधें रक्तांत एकदां उंच चढलीं कीं त्या चढाच्या जोरावर जंतू मारतात. त्यांचें दिवसाचें माप थोड्या तासांत पाजलें तरी चालतें, किंबहुना बरेंच. अमॉक्सिसिलिनची रीत निराळी: तें रक्तांत सतत एका पातळीवर टिकून राहिलें पाहिजे, आणि कोंबडीच्या अंगांतून तें लौकर निघून जातें. तें सकाळीं दोन तास पाजून उरलेला दिवस साधें पाणी दिलें तर जंतूंस विसावा मिळतो. कोणतें औषध कोणत्या रीतीचें, हें बाटली देणाऱ्यानें सांगितलें पाहिजे. न सांगेल तर विचारलें पाहिजे.

अर्धवट पोंचलेलें औषध वायां जातें एवढेंच असतें तर तो शेतकऱ्याच्या खिशाचा प्रश्न होता. परंतु अर्धवट मात्रा जंतूंस मारीत नाहीं, तालीम देते. पेनिसिलिनचा शोध १९२८ सालीं लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनींच १९४५ च्या आपल्या नोबेल व्याख्यानांत हा इशारा दिला होता कीं, अपुऱ्या मात्रेनें जंतू औषधास दाद देईनासे होतील. दुसऱ्याच वर्षीं, १९४६ मध्यें, अमेरिकेंत विस्कॉन्सिन येथील संशोधकांस असें आढळलें कीं खाद्यांत थोडें स्ट्रेप्टोमायसिन मिसळल्यास पिलें अधिक वाढतात. व्यापाराच्या कानीं दोन्ही गोष्टी पडल्या. त्यानें दुसरी तेवढी ऐकली. पुढें कित्येक दशकें जगभर कोंबड्यांस वाढीसाठीं चिमूट-चिमूट अँटिबायोटिक चारण्यांत आलें. युरोपीय संघानें ही चाल १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंद केली. अमेरिकेनें २००५ सालीं कोंबड्यांस एन्रोफ्लोक्सासिन देण्याची परवानगीच काढून घेतली, कारण कोंबडींतील कँपिलोबॅक्टर जंतू त्यास जुमानीनासे झाले आणि तेच जंतू माणसांच्या पोटांत जाऊं लागले. कोलिस्टिनची कथा आपल्या अधिक जवळची आहे. हें औषध माणसाच्या दवाखान्यांत अगदीं शेवटचा उपाय म्हणून राखलेलें. आंतड्यांतून तें शोषलें जात नाहीं, म्हणून कोंबडीच्या पोटांतल्या पोटांतच राहून तेथील जंतूंशीं रोजचा सराव करी. २०१५ सालीं चीनमध्यें असा गुणधर्म सांपडला कीं जो कोलिस्टिनला दाद न देण्याची विद्या एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज पोंचवितो. आपल्या केंद्र सरकारनें १९ जुलै २०१९ रोजीं अन्नासाठीं पाळलेल्या प्राण्यांकरितां कोलिस्टिनच्या निर्मिती, विक्री व वांटपावर बंदी घातली. आमच्या मतें हा निर्णय योग्य होता, आणि ज्यांनीं त्या वेळीं 'आतां धंदा बुडाला' अशी हाकाटी केली त्यांचे धंदे चालूच आहेत.

अंड्यांचा प्रश्न वेगळा पाहिला पाहिजे. अंड्याचें पांढरें कांहीं तासांत बनतें, परंतु बलकाची मुख्य वाढ होण्यास सुमारें दहा दिवस लागतात, आणि त्या काळांत रक्तांत जें असेल तें त्यांत थरावर थर सांठत जातें. म्हणून आज औषध थांबविलें तरी पुढच्या आठवड्यांतील अंड्यांत तें उतरूं शकतें. कित्येक औषधांच्या वेष्टणावर तीं अंडीं देणाऱ्या कोंबड्यांस देऊं नयेत असें स्पष्ट छापलेलें असतें. तीं अक्षरें बारीक असतात, एवढ्यावरून तीं वाचावयाचीं नसतात असें नव्हे. मांसाच्या पक्ष्यांसही औषध थांबवून विक्रीपूर्वीं किती दिवस गेले पाहिजेत हें छापलेलें असतें. परंतु तो काळही बहुधा निरोगी पक्ष्याच्या मूत्रपिंडावर विसंबलेला. ज्या शेडांत पक्षी आजारी होते तेथें छापलेल्या दिवसांवर आणखी कांहीं दिवस आपण होऊन धरावेत, असें आमचें मत आहे. आपलीं मुलेंही तींच अंडीं खातात.

यावर दोन आक्षेप येतील. करारानें पक्षी वाढविणारे सभासद म्हणतील कीं औषध कंपनी धाडते, सुपरवायझर सांगतो तसें आम्ही टाकतों. आमच्या हातीं काय? त्यांची अडचण खरी आहे. परंतु पक्षी कंपनीचे असले तरी विहीर त्यांची आहे, टाकी त्यांची आहे, पडदे बांधणारे हात त्यांचे आहेत. बाटलींत कोणतें औषध आहे, वजनामागें किती, व केव्हांपासून केव्हांपर्यंत, हें विचारून वहींत लिहिण्यास करारांत कोठेंही मनाई असल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं तालुक्याला पशुवैद्य एक आणि जनावरें हजारों; तो येईतों पक्षी मरतील, त्यापेक्षां दुकानदार बरा. हाही आक्षेप निराधार नाहीं, आणि सरकारनें त्याचें उत्तर दिलें पाहिजे. परंतु दुकानदाराचा धंदा बाटली विकण्याचा आहे. 'तुमच्या पक्ष्यांस औषध नको, पडदे उघडा' असें सांगून त्याचें दुकान चालणार नाहीं, यांत त्याचा दोष काय?

पिलें शेडांत उतरवितांच पहिले तीन-चार दिवस 'सुरुवातीचा डोस' म्हणून अँटिबायोटिक पाजण्याची जी चाल आहे तिला आमचा स्पष्ट विरोध आहे. रोग नसतां दिलेल्या औषधास शरीरांत शोधण्यासारखें कांहीं नसतें. तें आंतड्यांतील उपयोगी जंतूंचाच नाश करतें. त्याऐवजीं पिलांस पहिल्याच दिवशीं ऊब, कोरडें तूस व स्वच्छ पाणी मिळालें तर औषधाची वेळच पुष्कळदां येत नाहीं.

आमच्या सोसायटीनें या बाबतींत कांहीं प्रत्यक्ष करावें असें आम्ही सुचवितों, व पुढील सर्वसाधारण सभेंत तसा ठराव मांडणार आहों. सभासदांच्या विहिरी व बोअर यांच्या पाण्याचा जडपणा वर्षांतून दोनदां, पावसाळ्याआधीं व नंतर, तपासून घ्यावा. त्याचा खर्च एका बाटलीहून अधिक येणार नाहीं. ज्यांचें पाणी जड आहे त्यांनीं औषधापुरतें पावसाचें सांठविलेलें किंवा शुद्ध केलेलें पाणी वापरावें. लिंबूसत्त्व घातल्यानें क्लोरटेट्रासायक्लिनचें शोषण सुधारतें हें खरें. पण तीच युक्ति सल्फा औषधांस किंवा एन्रोफ्लोक्सासिनला लागू केली तर आंबट पाण्यांत औषधाचा गाळ तळाशीं बसतो, तेव्हां पशुवैद्यास विचारल्याखेरीज तें करूं नये. पाणी शुद्ध करण्यासाठीं घातलेली ब्लीचिंग पावडरही कांहीं औषधांस मारक आहे. औषधाच्या दिवशीं ती बंद ठेवावी. टॉनिक, कॅल्शियम, क्षार हीं औषधाबरोबर एका टाकींत कधींही घालूं नयेत. प्रत्येक शेडाच्या नळावर पाणी मोजण्याचें मीटर बसवावें. सोसायटीनें एकदम खरेदी केल्यास तें स्वस्तांत पडेल. आणि शेडाच्या एका टोंकास जाळीचा लहान कप्पा करून त्यांत अशक्त पक्षी वेगळे काढावेत, त्यांच्या चोंचीसमोर पाण्याचें भांडें ठेवावें. या शेवटच्या उपायास पैसा लागत नाहीं, आणि कित्येक वेळां औषध पोंचण्या-न-पोंचण्याचा निकाल तेथेंच लागतो.

मेलेला पक्षी तपासणीस नेण्याविषयीं थोडें. पुण्यास औंध येथें पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. जवळच्या सरकारी दवाखान्यांतही शवविच्छेदन होऊं शकतें. नुकताच मेलेला पक्षी प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवींत घालून बर्फाच्या डब्यांत त्याच दिवशीं पोंचवावा; शक्य तर एक-दोन आजारी जिवंत पक्षीही वेगळे न्यावेत. गोठवूं नये, कारण गोठलेल्या अवयवांची तपासणी नीट होत नाहीं. मरतूक एकाएकीं व फार मोठी असेल तर मात्र पक्षी शेडाबाहेर हलवूं नये, आधीं दवाखान्यास कळवावें. औषध सुरू करण्यापूर्वींचा पक्षी नेणें उत्तम. औषध पोटांत गेल्यावर प्रयोगशाळेंत जंतू उगवेनासे होतात, मग कोणत्या औषधास ते दाद देतील हेंही कळत नाहीं. पक्ष्याबरोबर एक चिठ्ठी द्यावी: पक्ष्यांचें वय, सरासरी वजन, एकूण संख्या, गेल्या तीन दिवसांतील मरतूक, कोणत्या लशी केव्हां टोंचल्या, काल किती पाणी गेलें, आणि टाकींत आजपर्यंत काय काय घातलें. शेवटचें कलम लिहितांना कांहींही लपवूं नये. डॉक्टर रागावतील, परंतु निदान चुकणार नाहीं. अशा चिठ्ठीचा छापील नमुना सोसायटीच्या कचेरींत ठेवण्याची व्यवस्था आम्ही करीत आहों.